गोदीतल्या माणसांची यादी



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. ती मी आज मोडतो. मला बोलायचं आहे १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत मेलेल्या कामगारांबद्दल, आणि ऐंशी वर्षं गप्प राहिलेल्या आपल्याबद्दल.

‘फोर्ट स्टिकिन’ जहाज १२ एप्रिलला मुंबईत आलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. असलं जहाज लांब पाण्यात उभं करून माल पडावांतून उतरवायचा, ही शांततेच्या काळातली पद्धत. लढाईच्या घाईत ती बाजूला ठेवली आणि ते थेट धक्क्याला लावलं. शुक्रवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यानंतर, कापसातून धूर येताना दिसला. पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधले दोन तास बंबवाले पाण्याचा मारा करत राहिले, आणि गोदी रिकामी करा असा हुकूम कुणीही सोडला नाही! पुढे अर्ध्या तासात दुसरा स्फोट. शिमल्याच्या भूकंपमापकावर या स्फोटांची नोंद झाली. हे दैवाने घडवलं नाही. माणसांनी घेतलेल्या आणि न घेतलेल्या निर्णयांनी घडवलं.

त्या जहाजावर सोनंही होतं, ३१ पेट्या. मुंबईच्या छपरांवर उडालेल्या त्या लगडींच्या कथा आजही चवीने सांगतात. गोदीतला गाळ उपसताना १९७० नंतरसुद्धा लगड सापडली, तिची बातमी झाली. सोन्याचा हिशेब पेटीगणिक आहे. आणि माणसं? कुणी ८०० म्हणतो, कुणी १,३००. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले हे नक्की ठाऊक आहे, कारण ते हजेरीपटावर होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. तो पाळलाच पाहिजे, ते धावत आगीत शिरले होते. पण टोळीवाल्याने सकाळी उभा केलेला, संध्याकाळी दिवसाची मजुरी घेऊन जाणारा माणूस कुठल्या पटावर होता? गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा १९४८ चा. त्याआधी हमाल मेला तर टोळीत दुसरा उभा राहायचा. त्याच्या बायकोने भरपाई मागायची तरी कुठल्या कागदावर?

या गोदीत आपली, देवगड-मालवण-वेंगुर्ल्याची माणसं होती. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरायचं, गावच्या खोलीत वळकटी टाकायची आणि जवळच्या गोदीत, नाहीतर गिरणीत काम धरायचं, ही कोकणी माणसाची वाट होती. मग १७ जुलै १९४७ ला बुडालेली ‘रामदास’ बोट आपल्या घराघरांत आठवते आणि गोदी का आठवत नाही? बोटीवर आपण प्रवासी होतो, तिकीट काढलेले. गोदीत आपण पाठीवर ओझं घेतलेले होतो. या फरकाची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आणि आपल्या लेखकांनाही मी सोडणार नाही. चाकरमानी आमच्या कथांत येतो तो गणपतीला. ट्रंक घेऊन, नवा सदरा घालून. गाऱ्हाण्यात आम्ही देवाला सांगतो, मुंबईक गेलेल्या चेडवा-झिलग्यांची राखण कर रे म्हाराजा, आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. पण त्याचे अकरा महिने कसे जातात, त्याच्या पाठीवर काय असतं, हे लिहिणारे हात फार थोडे. राखण देवाने करायची, निदान नोंद तरी आपण केली असती!

१४ एप्रिल ही बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. १९४४ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं त्यांच्याकडे होतं. त्या दिवशी गोदी कामगाराचं नाव न घेता हार घालणं मला पटत नाही.

आता काम सांगतो: गोदीत मेलेल्या आपल्या माणसांची यादी करायची. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, म्हणून जुने कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाने शोधा. गावच्या मृत्यू नोंदीत हे लोक सापडणार नाहीत, कारण मेले ते मुंबईत. तलाठ्याकडचे, तहसिलीतले १९४४ नंतरचे वारस-फेरफार काढा. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांच्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर बघा, कुठल्या मुलाच्या बापाच्या जागी मामाचं किंवा काकाचं नाव आलं ते. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या उघडा, त्या एप्रिलनंतर कुणाची वर्गणी थांबली ते पाहा. नव्वदी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारा, पुढच्या वर्षावर टाकू नका. पुरावा नसलेलं नाव यादीत घालू नका, संशयाचं असेल तर तसं लिहा.

आणि हे काम १९४४ वर थांबवू नका. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. कंत्राटदाराने आणलेल्या माणसाचं नाव आज तरी फाटकावरच्या वहीत असतं का, हे आपल्या गावातून तिकडे गेलेल्या प्रत्येकाला विचारा.

संमेलनाच्या ठरावांत माझा एकच ठराव घाला: पुढच्या १४ एप्रिलला या व्यासपीठावर भाषण होणार नाही, देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत जमलेली नावं गाववार वाचली जातील. अनुमोदन कोण देतंय, ते हात वर करून सांगा.