लिपुलेखची वाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



खिंड म्हटली की आपल्या मनापुढे पावनखिंड उभी राहते. शत्रूला अडवून धरण्याची जागा! हिमालयातील माणसाच्या लेखी मात्र खिंड म्हणजे पलीकडे जाण्याची वाट. आज ज्या लिपुलेख खिंडीविषयी बोलावयाचे आहे, तिचा हा जुना अर्थ गेल्या काही दशकांत झाकोळून गेला आहे.

ही खिंड उत्तराखंडाच्या पिथौरागढ जिल्ह्याच्या टोकाशी, सुमारे १७,००० फूट उंचीवर आहे. पलीकडे तिबेटातील तकलाकोट व पुढे कैलास-मानसरोवर. अलीकडे ब्यांस खोऱ्यातील गर्ब्यांग, गुंजी, नाबी, कुटी ही गावे. तेथील लोक स्वतःला 'रं' म्हणवितात. धान्य, गूळ व कापड घेऊन ते उन्हाळ्यात खिंड ओलांडीत. मीठ, लोकर आणि टांकणखार घेऊन परतत. प्रत्येकाचा तिबेटी व्यापारी ठरलेला असे. त्याला 'मित्र' असेच म्हणत, आणि ही मैत्री बापाकडून मुलाकडे वारशाने येई.

१९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारी व यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नमूद झाल्या. लिपुलेख त्यांतील एक. १९६२ च्या युद्धाने ती बंद पडली. यात्रा १९८१ मध्ये आणि व्यापार १९९२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पण मधल्या तीस वर्षांत मेंढ्यांचे कळप ओसरले होते आणि वारशाने आलेले मित्र दुरावले होते. १९६७ मध्ये या समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. मुले शिकली, नोकऱ्यांसाठी शहरोशहरी पांगली. गाव मागे ठेवून आलेल्या आपणांस त्यांची व्यथा वेगळी समजावून सांगावयास नको.

नेपाळशी असलेला वाद निराळा आहे. १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी ही नेपाळची पश्चिम सीमा ठरली. परंतु कालीचा उगम कोणता? भारत कालापाणीजवळचे झरे दाखवितो, नेपाळ लिंपियाधुराकडून येणारा प्रवाह. मे २०२० मध्ये भारताने धारचुल्याहून लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्घाटन केले आणि त्याच महिन्यात नेपाळने हा प्रदेश आपल्या नव्या नकाशात दाखविला. ज्या कालीवरून हा वाद चालला आहे, तिच्या नेपाळी बाजूस छांगरू आणि तिंकर ही गावे आहेत. तेथेही रं लोकच राहतात. हिवाळ्यासाठी खाली उतरताना ते भारताच्या हद्दीतील वाटेनेच येत आले आहेत. दोन्ही तीरांवर सोयरिकी आहेत.

२०२० पासून थांबलेली यात्रा २०२५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा चालू करण्याचे भारत आणि चीन यांनी ठरविले. नेपाळने त्यास हरकत घेतली. तीन राजधान्यांत तीन भूमिका मांडल्या गेल्या. सीमेचे रक्षण हे राष्ट्राचे कर्तव्यच आहे, याविषयी दुमत नाही. परंतु खिंड एका हुकुमाने बंद होते. तिच्या आधाराने उभे राहिलेले जीवन दुसऱ्या हुकुमाने परत येत नाही, हे १९६२ नंतरच्या तीस वर्षांनी दाखविले आहे. म्हणून लिपुलेखविषयी निर्णय घेताना ब्यांसच्या माणसांना प्रथम विचारावे, एवढेच माझे सांगणे आहे. कालीचे दोन्ही तीर त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?