रंगपेशींचा प्रवास



निफाड तालुक्यांत नांदूरमध्यमेश्वर येथें गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं जो बंधारा आहे, तो आपणांपैकीं पुष्कळांनीं, निदान तेथील पक्षी पाहण्याच्या निमित्तानें, पाहिला असेल. तेथून पाणी कसें सुटतें हें आठवा. कचेरींतून निरोप निघतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, अखेर पाटकऱ्याच्या हातीं पोंचतो, आणि मग कोठें दार उचललें जाऊन पाणी चारींत उतरतें. आपल्या शरीरांतील पेशींचा कारभारही बहुतांशीं असाच चालतो. तो बिघडला म्हणजे काय होतें, हें एका रोगाच्या आधारानें आज सांगावयाचें आहे. त्या रोगाचें नांव मेलानोमा. म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग.

गोऱ्या लोकांच्या मानानें आपल्याकडे हा रोग फार कमी आढळतो. परंतु आढळतो तेव्हां तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं असतो, आणि तेथें उन्हाचा दोष नसतो. द्राक्षबागेंत अनवाणी वावरणाऱ्या माणसानें तळपायावरील काळ्या डागाला काटा रुतल्याची खूण किंवा कुरूप समजावें, हें साहजिकच आहे. दुखत नाहीं, खुपत नाहीं; मग छाटणीच्या दिवसांत दवाखान्यांत कोण जातो? पुढें जांघेंत अवधाण येतें, आणि तेंही चालण्याच्या श्रमावर घातलें जातें. वास्तविक तोंपर्यंत रोग पायांतून निघून पुढच्या मुक्कामाला पोंचलेला असतो. जीव घेतो तो मूळचा डाग नव्हे, हा प्रवास.

रंगपेशींना प्रवास नवा नाहीं. गर्भावस्थेंत त्यांच्या पूर्वज पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूस जन्म घेतात आणि तेथून चालत चालत सर्वांगाच्या त्वचेंत जाऊन वस्ती करतात. त्यानंतर त्या जन्मभर जागा सोडीत नाहींत. मेलानोमांत ही जुनी विद्या पुन्हां जागी होते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ती जागी कोण करतो? येथें आपले निरोपे पुढें येतात. पेशींत कायनेज नांवाचीं विकरें असतात. एका प्रथिनावर फॉस्फेटचा लहानसा कण चिकटविणें एवढेंच त्यांचें काम. पण तो कण चिकटला कीं तें प्रथिन बहुधा जागें होतें, क्वचित् मोडीतही निघतें, आणि निरोप पुढें सरकतो. ही युक्ति प्रथम ओळखल्याबद्दल क्रेब्स व फिशर या शास्त्रज्ञांना 1992 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें 2002 सालीं असें दिसून आलें कीं मेलानोमाच्या पुष्कळ रोग्यांत बी-रॅफ नांवाचें एक कायनेज बिघडलेलें असतें. कचेरींतून हुकूम आलेला नसतांही तें निरोप धाडीतच राहतें. तळपायाच्या मेलानोमांत मात्र हा बिघाड त्या मानानें कमी आढळतो. म्हणून त्यावर काढलेलें औषध आपल्याकडील कित्येक रोग्यांना लागू पडत नाहीं.

परंतु नुसता हुकूम मिळून पेशी हालत नाहीं. तिच्याभोंवतीं तंतूंचें दाट कुंपण असतें, तें तोडावें लागतें. याविषयीं एक मोलाचें काम आपल्या पुण्यांतच झालेलें आहे. तेथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत डॉ. गोपाल कुंडू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदराच्या मेलानोमाच्या पेशी घेतल्या आणि त्यांना ऑस्टिओपाँटिन या प्रथिनाचा स्पर्श घडविला. हें प्रथिन हाडांत असतें. अनेक कर्करोगांच्या गांठींतही तें सांपडतें. त्याच्या स्पर्शानें पेशींतील एन-एफ-कप्पा-बी नांवाचा कारभारी जागा होऊन केंद्रकांत शिरला. त्याच्या हुकुमानें एक विकर तयार झालें. त्या विकरानें दुसऱ्या एका निद्रिस्त विकराला जागें केलें. आणि या दुसऱ्यानें कुंपण कापावयास आरंभ केला. हा शोध 2001 सालीं प्रसिद्ध झाला. कापणारें विकर आधीं झोपलेलें असतें, ही निसर्गाची सावधगिरी मला फार अर्थपूर्ण वाटते. कोयता उघडा टाकून ठेवणारें घर फार दिवस सुखानें नांदत नाहीं.

त्याच प्रयोगशाळेंतून 2003 सालीं दुसरा निबंध बाहेर पडला. एरवीं त्या कारभाऱ्याला एक प्रथिन जखडून ठेवतें. आय-के-के नांवाच्या कायनेजानें त्यावर फॉस्फेट चिकटविलें म्हणजे तें मोडीत निघतें व कारभारी मोकळा होतो. आपल्या रोजच्या हळदींतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, दिलें असतां ही सांखळी या ठिकाणींच अडली आणि पेशींची हालचाल मंदावली.

हें ऐकून गृहिणींना आनंद होईल. पण येथें जरा थांबलें पाहिजे. खाल्लेल्या हळदींतील हें द्रव्य रक्तांत अत्यल्प उतरतें. प्रयोगांत पेशींना तें थेट मिळालें होतें. शिवाय प्रयोग उंदरांच्या पेशींवरचे. तेथून माणसाच्या पायापर्यंतचें अंतर मोठें आहे. तेव्हां वाढणाऱ्या, कडा वेड्यावांकड्या असलेल्या किंवा चिघळणाऱ्या काळ्या डागावर हळदीचा लेप देऊन महिने घालवूं नयेत, आणि ब्लेडनें घरीं कापूं तर मुळींच नये. शस्त्रवैद्याकडून तुकडा काढवून तो सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला म्हणजे डागाची खोली कळते. ती 1 मिलिमीटरहून कमी असेल आणि रोग पुढें सरकलेला नसेल, तर नुसत्या शस्त्रक्रियेनें बहुतेक रोगी बरे होतात.