फोन कुणाच्या हातात, खातं कुणाच्या नावावर?

(रत्नागिरीत बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



फळ्यावर आजचा विषय ‘ऑनलाइन विक्री’ असा लिहिला आहे. सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघी-चौघींनी मला विचारलं, “ताई, आम्हाला हे जमेल का?” सुरुवातीलाच सांगते, विकणं आपल्याला नवीन नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या लागल्या की मासळीचा भाव ठरवणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकणाऱ्या बायकाच असतात. त्यांना गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे कुणी शिबिर घेऊन शिकवलेलं नाही. मुंबईत गिरणगावात आपल्या कोकणातल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. सावकाराच्या व्याजात त्या पिचत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेची दारं त्यांच्यासाठी उघडली. म्हणजे धंदा बायका आधीपासून करतच होत्या. त्या धंद्यातलं भांडवल आणि हिशोब मात्र दुसऱ्याच्या हातात होता.

मला आज याच मुद्द्यावर बोलायचं आहे. फोटो कसा काढायचा, व्हॉट्सअॅपवर मालाची यादी कशी लावायची, हे दुपारच्या सत्रात मुली तुम्हाला शिकवतील, आणि ते तासाभरात येईल. पण फोन कुणाच्या हातात आहे, खातं कुणाच्या नावावर आहे आणि हिशोबाची वही कोण लिहितं, हे आधी ठरलं नाही तर शिकलेलं सगळं दुसऱ्याच्या कामी येईल.

आपल्या जिल्ह्यातली आंब्याची पद्धत आठवा. आंबा निवडायला, पेट्या भरायला घरातल्या बायका असतात. पेट्या वाशीला दलालाकडे जातात. काही दिवसांनी पट्टी येते. ती कुणाच्या नावाने येते? घरातल्या पुरुषाच्या. किती पेट्या गेल्या, काय भाव लागला, हमाली-तोलाई किती कापली, हे त्या बाईला कुणी सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. मुंबईहून मनीऑर्डर यायची तेव्हाही तसंच होतं. शेती, गुरं, म्हातारी माणसं सगळं ती बघायची, पण पैसा यायचा तो दुसऱ्याने कमावलेला म्हणून. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, मनीऑर्डरी आटल्या. त्या काळात घरं तगली ती बाईच्या कामावर. तरी कागदावर ती ‘काही करत नाही’ अशीच राहिली.

आता कागदाच्या जागी फोन आला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ३३ बायकांनी कधी तरी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ५७ होतं. स्वतः वापरता येईल असा मोबाइल शंभरातल्या ५४ बायकांकडे होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांना फोन करायचा तर दुसऱ्याकडे मागावा लागत होता. मागून मिळालेल्या फोनवर धंदा होत नाही. गिऱ्हाईक रात्री नऊला विचारतं, “ताई, आंबापोळी आहे का?” त्या वेळी फोन नवऱ्याबरोबर नाक्यावर असतो.

एका गटातली गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. गटातल्या एका वहिनींचं कुळथाचं पीठ आणि मेतकूट चांगलं. पुतण्याने हौसेने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं. नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पैसे घ्यायचं यूपीआय खातंही त्याचं. “काकू, तुम्ही फक्त माल करा, बाकी मी बघतो,” असं तो म्हणाला. दोन वर्षांत गिऱ्हाइकं जमली. मग पोराला पुण्यात नोकरी लागली आणि पान त्याच्याबरोबर गेलं. तो काही वाईट मुलगा नाही, त्याने कुणाला फसवलंही नाही. पण दोन वर्षांनी वहिनींच्या हातात काय उरलं? गिऱ्हाइकांचे नंबर नाहीत, आलेल्या पैशाची नोंद नाही, आणि कर्ज मागायला बँकेत गेल्या तर खात्यावर उलाढाल शून्य. “बाकी मी बघतो” हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी सावध व्हा.

१९९०च्या सुमाराला शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, असं ती सांगत होती. राबणारीच्या नावावर जमीन असावी, ही मागणी आपणही वर्षानुवर्षं करत आलो. ऑनलाइन धंद्यात हे खातं म्हणजे तुमचा सातबारा आहे. म्हणून घरी गेल्यावर चार गोष्टी तपासा. सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? पान ज्या ईमेलवर आणि नंबरवर काढलं, ते कुणाचे आहेत? पैसे जमा होतात ते बँकखातं कुणाचं आहे? आणि पासवर्ड कुणाला माहीत आहे? गटाचा धंदा असेल तर खातं गटाच्या नावाने, दोघींच्या सहीचं असू द्या, आणि पासवर्ड किमान दोघींना ठाऊक असू द्या. मुलाची, पुतण्याची मदत जरूर घ्या. पण त्याने शिकवावं आणि बोटं तुमची चालावीत.

आता पैशाचं बोलू. कोकमाच्या आगळाची एक लिटरची बाटली घ्या. मी आकडे सोपे धरते, तुम्ही तुमचे घाला. समजा, तुम्ही ती मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ३०० रुपयांना विकली. रातांबे, मीठ, बाटली, लेबल मिळून ९० रुपये. संकेतस्थळाचं कमिशन शेकडा १५ धरलं तर ४५ रुपये. खोकं आणि कुरिअर ११० रुपये. दहातली एक बाटली वाटेत फुटली आणि पैसे परत द्यावे लागले, तर प्रत्येक बाटलीमागे ३० रुपये गेले. सगळे मिळून झाले २७५. उरले २५.

हे २५ रुपये म्हणजे नफा आहे का? रातांबे धुणं, फोडणं, गर काढणं, मीठ घालून रोज ढवळणं, गाळणं, भरणं, खोकं बांधणं, कुरिअरवाल्याकडे नेणं, यात एका बाटलीच्या वाट्याला दोन तास धरू. २०२५-२६ सालात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९, दोन तासांचे ७८. म्हणजे ‘उद्योजिका’ म्हणून आपला सत्कार होतो आणि हातात पडतात मातीकामाच्या मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे! हा तोटा दिसत नाही, कारण आपण आपले तास धरतच नाही. घरात करतो ते काम फुकटच, ही सवय आपल्याही अंगात मुरली आहे.

मग ऑनलाइन विकूच नये का? तसं नाही. तीच बाटली दुसऱ्या पद्धतीने विकून पाहू. पुण्या-मुंबईत आपल्या प्रत्येकीचं कोणी ना कोणी आहे. एखाद्या सोसायटीतल्या बायकांचा व्हॉट्सअॅप गट धरा. मागणी आणि पैसे आधी घ्या, सहा बाटल्यांचं एक खोकं करा आणि एसटीच्या पार्सलने पाठवा. समजा, वाहतूक आणि खोकं मिळून २४० रुपये लागले, तर बाटलीमागे ४०. कमिशन नाही. माल ९०, फुटीचे ३० तसेच धरले, तर खर्च १६० आणि उरले १४०. आता मजुरीचे ७८ सुटतात आणि वर ६२ राहतात. पुढच्या वर्षीच्या बाटल्या, बरण्या त्यातून घेता येतील. मोठ्या संकेतस्थळांवर लांबचं, अनोळखी गिऱ्हाईक मिळतं, तेव्हा तिथेही थोडा माल ठेवा. पण तिथला भाव कमिशन आणि परतीचा माल धरूनच लावा. उमेद अभियानाचं उमेदमार्ट आहे, केंद्र सरकारने पुढाकार घेतलेलं ओएनडीसी आहे, त्यांचीही चौकशी करा. कुठेही नाव नोंदवण्याआधी एकच विचारायचं: बाटलीमागे माझ्या हातात किती आणि किती दिवसांनी?

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर, घरच्या चुलीवर केला असला तरी, अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते. छोट्या धंद्याला नोंदणी, मोठ्याला परवाना. तो १४ आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. लेबलवर पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, शाकाहाराची हिरवी खूण आणि पत्ता हवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात संकेतस्थळावरून माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिली नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नुसता नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण आपल्याला गोवा आणि बेळगाव जवळ. तिथे करपात्र माल संकेतस्थळावरून विकायचा तर राज्याबाहेरची विक्री होते आणि नोंदणी लागते, म्हणून आधी जाणकाराला विचारा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन आपल्या पेटीवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. बागायतदार म्हणून नोंद करायची, तर बाग कुणाच्या नावावर, हा प्रश्न तिथेही उभा राहतो. सातबारा आपली पाठ सोडत नाही!

फसवणुकीबद्दल एक वाक्य पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. “मी लष्करात आहे, शंभर बाटल्या हव्यात, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील,” असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कोड स्कॅन करून पिन घातला की पैसे जातात, येत नाहीत. तरीही कुणी फसलीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा त्रास बायकांनाच होतो. धंद्यासाठी नंबर दिला की रात्री-अपरात्री घाणेरडे निरोप, फोटो येतात. मग घरातून काय ऐकावं लागतं? “बघ, सांगितलं होतं ना, बंद कर ते पान.” त्रास देणारा मोकळा आणि धंदा बंद होतो बाईचा. म्हणून धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. घराचा फोटो, मुलींचे फोटो पानावर टाकू नका. आलेला निरोप पुसून टाकू नका, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, तो पुरावा आहे. नको म्हटल्यावरही बाईचा पाठलाग करणं, ऑनलाइन तिच्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात एकटी जाऊ नका, गटातल्या चौघी बरोबर घ्या. तक्रार लिहून घ्यायला टाळाटाळ झाली तर आम्हाला निरोप द्या. संघटना त्यासाठीच असते.

एक शेवटचा मुद्दा. हल्ली प्रत्येक बाईला ‘स्वतःच्या पायावर उभी राहा, ब्रँड हो’ असं सांगितलं जातं. ऐकायला बरं वाटतं. पण पंधरा गावांतल्या पंधरा जणी एकाच पुणेकर गिऱ्हाइकासाठी एकमेकींपेक्षा भाव पाडू लागल्या, तर फायदा गिऱ्हाइकाचा आणि कंपनीचा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. तिथे पापड लाटणारी नोकर नाही, मालकीण आहे, नफ्यात तिचा वाटा आहे. ते टिकलं ते या मालकीमुळे. आपणही तालुक्यापुरता का होईना, आगळाचा, आंबापोळीचा एक किमान भाव ठरवू शकतो. एक पान सगळ्यांचं, एक खोकं सगळ्यांचं, आणि हिशोब बैठकीत मोठ्याने वाचायचा.

घरच्या कामाचंही बोला. ऑर्डर लिहिणं, गिऱ्हाइकाला उत्तर देणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो. तो झोपेतून काढायचा नाही. तेवढा वेळ भाकरी कोण थापणार, पाणी कोण भरणार, हे घरात बसून ठरवा. ते ठरवताना भांडण झालं तर होऊ द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीन गोष्टी आणायच्या: आपल्या नावावरचं सिम, आपल्या खात्याचं पासबुक आणि एका वस्तूचा, आपले तास धरून मांडलेला हिशोब. ज्यांच्याकडे पहिल्या दोन नाहीत त्यांनी तसं सांगायचं. त्या मिळवण्यासाठी काय करायचं, ते आपण मिळून ठरवू.

आता तुम्ही बोला.