अभ्यासाचा हंगाम

(आपल्या ज्ञातीच्या श्रीपूर येथील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘यशाचे रहस्य’ हा विषय दिला होता. आम्ही तो बदलून घेतला. यशाविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. अभ्यासाचा वीट आलेल्या मुलाशी दोन शब्द बोलणारे मात्र घरातही क्वचितच सापडते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु सारी उमर मुलांत गेली, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आमच्या ओळखीच्या एका मुलास दहावीत उत्तम गुण मिळाले. वैद्यकीय प्रवेशासाठी सर्व देशास ‘नीट’ ही एकच परीक्षा झाली, तेव्हापासून अशा मुलास परगावी क्लासला पाठविणे ही रीतच झाली आहे. वडिलांनी अर्धा एकर गहाण टाकून त्यास पाठविले. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत अभ्यास. दिवाळीपर्यंत निभावले. पुढे पुस्तक उघडून तास-तास एकाच पानाकडे पाहात बसू लागला. फोनवर घरी सांगे, “बरं चाललंय.” माघात तो परत आला आणि भावकीने त्यास आळशी ठरविले.

तो आळशी नव्हता. आळशी मनुष्य काम टाळून सुखाने झोपतो. या मुलास झोपही येत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा तिटकारा उत्पन्न होणे, आणि हातून काम उतरेनासे होणे. ती व्याख्या नोकरीतील श्रमांपुरती आहे हे खरे. पण तिन्ही लक्षणे त्या मुलाच्या ठायी होती.

श्रीपूरकरांस ही गोष्ट समजण्यास अडचण पडू नये. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापिली, आणि तिच्या कारखान्याभोवती हे गाव वाढले. बाराही महिने गाळप करणारा कारखाना आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? रस आटविण्याच्या नळ्यांत किटण धरते. ते काढले नाही तर वाफ तेवढीच खर्च होते, रस मात्र आटत नाही. म्हणून ऐन हंगामातही सफाईसाठी थांबावे लागते, आणि हंगाम सरल्यावर पावसाळ्यात सारी यंत्रे उघडून दुरुस्त करितात. त्या थांबण्यास कोणी आळस म्हणत नाही. मुलाचा दिवा रात्री एकपर्यंत जळतो आणि पान पुढे सरकत नाही, तेव्हा मात्र आपण त्यास आणखी एक तास बसवितो!

तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते आणि उतारा पडतो. वर्गात ऐकलेल्या धड्याचेही तसेच आहे. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ साली दाखविले की, विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वांत अधिक असतो. त्याच सायंकाळी वीस मिनिटांची उजळणी केली तर परीक्षेच्या तोंडावरील कित्येक रात्री वाचतात.

आणखी एक. ‘आज गणित करावयाचे’ हा संकल्प नव्हे. ‘पाच उदाहरणे सोडवावयाची’ हा संकल्प. कारण तो संपतो. काम संपल्याचा आनंद रोज थोडा मिळाला तर उत्साह कोठून उसना आणावा लागत नाही. पाच झाल्यावर सहावे करू नये, असे आम्ही मुलांस सांगत असू. हेडमास्तरांस ते रुचत नसे.

झोपेविषयी पालकांस सांगावयाचे आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविशारदांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. परळच्या चाळीतील एका खोलीत मुलास लवकर निजवून रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्यास अभ्यासास उठवीत, असे त्यांच्या चरित्रात येते. लोक ‘दोन वाजता उठत’ एवढेच सांगतात. मुलगा आधी निजलेला असे आणि जागरण बापाने पत्करिले होते, हे सांगावयाचे राहते.

मुलाचे अन्न तुटले, तो बोलेनासा झाला किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा करू लागला, तर उपदेश बंद करून डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा. त्यात घराण्याची अब्रू जात नाही.

आता मंडळास विनंती. आजच्या यादीत नव्वद टक्क्यांखालील एकही नाव नाही. नापास होऊन पुन्हा बसलेला आणि उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्या ज्ञातीत आहे. त्याच्या हाती आपण नारळ कधी देणार? दुसरे असे की, या सभागृहामागील खोली वर्षभर खुर्च्या ठेवण्यास वापरितात. ती अभ्यासिकेसाठी मिळावी. दोन दिवे, चार बाके आणि एक पाण्याचा माठ पुरे. देखरेखीस आम्ही विनावेतन बसू. सायंकाळी सहास खोली उघडू आणि साडेनऊस, कोणी कितीही आर्जव केले तरी, कुलूप लावू.