मजुरी आणि माप



खुरपणीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. रानात दहा-बारा माणसं, प्रत्येकानं आपापली पात धरलेली. गप्पागोष्टींत काम चाललं आहे. संध्याकाळी रोज वाटला जातो आणि कळतं, की शेजारच्या पातीवाल्याला काही कारण नसताना चार पैसे जास्त मिळाले. आता दुसरा दिवस पाहा. माणसं तीच, खुरपी तीच, रानही तेच. पण हात जड झालेले असतात. तण वरून तुटतं, मूळ तसंच राहतं. मालक म्हणतो, "हल्ली मजूर कामचुकार झालेत." मजूर काही बोलत नाही. त्याचं उत्तर रानात उभं असतं.

माणूस मजुरी नुसती मोजत नाही, तो ती ताडून पाहतो. मी किती राबलो, मला किती मिळालं. शेजारी किती राबला, त्याला किती मिळालं. जॉन स्टेसी ॲडम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६३ साली हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला. हे गणित जुळलं नाही, की माणूस आपल्या परीनं ते जुळवू पाहतो. कुणी हात आखडतो, कुणी भांडतो, कुणी काम सोडून जातो.

मग मजुरी कमी देण्याची वेळ आलीच तर काय करावं? अमेरिकेतल्या एका कंपनीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या अभ्यासकानं ती १९९० साली प्रसिद्ध केली. कंपनीची मोठी कामं हातची गेली. माणसं काढण्याऐवजी तिनं दोन कारखान्यांत दहा आठवडे पगार शेकडा १५ नं कमी केला. एका कारखान्यात वरिष्ठ स्वतः गेले, सुमारे दीड तास बसले, हिशेब दाखवला, वाईट वाटतं म्हणाले, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे पंधरा मिनिटांत निरोप सांगून मोकळे झाले. कपात दोन्हीकडे सारखीच होती. पण जिथं नीट सांगितलं नाही, तिथं मालाची चोरी फार वाढली आणि कितीतरी अधिक माणसं नोकरी सोडून गेली. नीट सांगितलं तिथंही चोरी वाढली, पण बरीच कमी. पगार पूर्ववत झाल्यावर दोन्हीकडची चोरी पुन्हा खाली आली.

यातून एवढंच घ्यायचं, की खरं कारण मानानं सांगितलं तर माणूस तोटाही सोसतो. मात्र कारण खरं हवं. गोड बोलून खोटं माप देणाऱ्याची युक्ती एकदाच चालते.

आणि मंडळी, माप खोटं करणारा हात नेहमी मालकाचाच असतो असं नाही, बरं का! मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार अधिक मिळे. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथं शिरकाव नव्हता. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा बरोबरीच्या सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ सालच्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडली. मालकाकडे न्याय मागणाऱ्यांनी आधी आपल्यातला अन्याय पाहावा, हा त्यातला सवाल होता. तो आजही जुना झालेला नाही. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन असावं, असं आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात आहे. तरी आपल्या शिवारात बाईचा रोज आणि गड्याचा रोज वेगळा का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरी विचारावं.

गुरुजी, बाई, हे तुमच्या शाळेलाही लागू आहे. जादा कामं दर वर्षी त्याच दोघांच्या गळ्यात पडतात आणि शाबासकी तिसऱ्याला मिळते, तिथं हळूहळू सगळेच घड्याळाकडे पाहू लागतात. मुलांच्या ते लगेच ध्यानात येतं. वर्गात झाडू कोणाच्या हाती आणि फळा पुसायचा मान कोणाला, हाही त्यांच्यासाठी न्यायाचा पहिला धडा असतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कामाचं माप सर्वांसमोर घ्यावं. हजेरीपट ज्याला पाहायचा त्याला पाहू द्यावा. खाडा कापला तर का कापला, ते तोंडावर सांगावं. तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून घालवू नये. चूक झाली तर मुकादमानं, मालकानं, मुख्याध्यापकानं ती कबूल करावी.

एखाद्याला चार पैसे जास्त द्यायचे असतील तर जरूर द्या. पण कशाबद्दल, हे बाकीच्यांना उजळ माथ्यानं सांगता येईल एवढं पाहा. सांगताना जीभ अडखळली, तर समजा की माप कुठंतरी चुकलं आहे. ते त्याच संध्याकाळी नीट करा. उद्याची खुरपणी त्यावर अवलंबून आहे.