थांबून दाखवा, मग उतरा



मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाचं आपण केलेलं हे बारसं. मी राहतो त्या देवरीत मात्र हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल जवळ. ‘वाघीण उतरली’ म्हटलं की आमच्याकडे लोक आधी दार लावतात आणि मग आतून विचारतात, कोणती?

आज बोलायचं आहे ते लोखंडी वाघिणीबद्दल. ती डोंगर चढते कशी, हे आपण कौतुकाने पाहतो. ती उतरते कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

देवरीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आमगावला जायचं. तिथून हावड्याकडची लाइन सालेकसा, दरेकसा करत डोंगरात शिरते आणि बोगद्यातून छत्तीसगडात जाते. पण तो चढ सह्याद्रीच्या घाटांपुढे सौम्यच. मुंबईहून पुण्याकडे येताना कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटरच्या वर चढते. १८५६ मध्ये या बोरघाटाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये तिथून गाडी धावली. डोंगर फोडताना हजारो मजूर अपघातांनी आणि रोगराईने गेले. कसारा-इगतपुरीचा थळघाट १८६५ चा. दोन्हीकडे सर्वांत अवघड चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर.

आकडा लहान वाटतो. पण कोळशाने भरलेली एक वाघीण साधारण ८१ टनांची असते. ३७ ला १ च्या उतारावर ती एकटीच दोन टनांहून अधिक जोराने खाली ओढत असते. अशा चाळीस वाघिणी जोडल्या, तर तो जोर ८७ टनांच्या घरात जातो. शिवाय लोखंडी रुळावर लोखंडी चाक, घर्षण जेमतेम. सपाटीवर ज्या गुणामुळे रेल्वे स्वस्त पडते, तोच गुण उतारावर वैरी होतो.

आता ब्रेक म्हणजे काय? चाकाला ठोकळा दाबायचा. वेग जातो, पण तो नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. बोरघाट उतरताना एका भरल्या वाघिणीच्या वजनातून जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर हजार लिटरहून अधिक पाणी उकळेल. चाळीस वाघिणींचा हिशेब तुम्हीच करा. एवढी उष्णता नुसत्या ठोकळ्यांवर टाकली, तर ठोकळे तापतात, त्यांची पकड सैल होते, आणि नेमकी गरज असते तेव्हा ब्रेक लागत नाही.

दुसरी अडचण हवेची. आजच्या मालगाडीत इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची एक नळी जाते. नळीतला दाब कमी केला की प्रत्येक वाघिणीतली साठवलेली हवा ब्रेक लावते. युक्ती मोठी शहाणी आहे, कारण गाडी मध्येच तुटली तर हवा सुटते आणि ब्रेक आपोआप लागतात. पण उतारावर कुणी ब्रेक सारखा लावत-सोडत राहिला, तर टाक्या पुन्हा भरायला वेळच मिळत नाही. हवा संपत जाते. मग दांडा फिरवूनही उपयोग नाही.

यावर तोडगा निघाला तो इंजिनाकडूनच. बोरघाट आणि थळघाटात १९३० पर्यंत वीज आली होती. पण गोव्याच्या सीमेवर, दूधसागर धबधब्याला वळसा घालून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे मार्गावर, म्हणजे ब्रागांझा घाटात, उतार तितकाच, ३७ ला १. तिथे वाफेनंतरचा मोठा काळ डिझेल इंजिनांचा. चढताना तिथे मालगाडीला मागे-पुढे मिळून पाच-पाच इंजिनं लागायची. आणि उतरताना? तेव्हा इंजिनाचं काम ओढण्याचं नसतं, अडवण्याचं असतं.

डिझेल इंजिनात डिझेलवर जनित्र चालतं आणि त्याच्या विजेवरच्या मोटारी चाकं फिरवतात. उतारावर हा क्रम उलटा करतात. चाकं मोटारींना फिरवतात आणि मोटारींचं जनित्र होतं. वीज तयार करायला जोर लागतो, तो गाडीच्या धावेतून वजा होतो. ही वीज इंजिनावरच्या धातूच्या जाळ्यांत सोडतात. जाळ्या तापतात, पंखे गरम हवा बाहेर फेकतात. याला डायनॅमिक ब्रेक म्हणतात. ठोकळे थंड राहतात, हवा शिल्लक राहते. विजेच्या नव्या इंजिनांत तर ही वीज वरच्या तारेत परत जाते.

पण श्रोतेहो, मला यंत्रापेक्षा एका नियमाचं अप्रूप अधिक आहे. बोरघाट, थळघाट उतरणाऱ्या गाडीसाठी ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गाच्या बाजूने एक फाटा काढलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. हा फाटा चढावर जाऊन संपतो, आणि सांधा एरवी त्याच्याच बाजूला लावलेला असतो. गाडी तिथे पूर्ण थांबली, तरच तिला पुढचा रस्ता मिळतो. न थांबणारी गाडी फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग मरतो. म्हणजे रेल्वे असं धरून चालते की तुझा ब्रेक गेलेला आहे. तो शाबूत आहे, हे तू थांबून सिद्ध कर. चालक कितीही अनुभवी असो, गाडीत कुणीही बसलेलं असो, सवलत नाही.

आता रस्त्याकडे या. आमच्या देवरीतून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. पूर्वी त्याला सहा नंबर म्हणत, आता त्रेपन्न. रात्रभर ट्रकांचा आवाज, त्यातच आमची पोरं मोठी झाली. माझे मामू याच रस्त्यावर ट्रक चालवायचे. त्यांचा एक नेम होता. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवायची, आणि उतरण्याआधी खाली उतरून टायर ठोकून पाहायचे. बरोबरीचे ड्रायव्हर हसत. मामू म्हणत, माझं डिझेल जाऊ दे, माझी पोरं माझी वाट पाहताहेत.

डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून, कधी इंजिनच बंद करून उतार उतरवतात, हे ट्रकवाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. इंजिन बंद झालं की त्याचा अडवण्याचा जोर गेला, ब्रेकची हवा भरणारा पंपही थांबला. उरले फक्त तापत जाणारे ब्रेक. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मोठ्या वाहनाने कितीतरी गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं.

अशा वेळी आपण दोष ड्रायव्हरला देऊन मोकळे होतो. त्याचा दोष असतोच. पण वाचवलेल्या चार लिटर डिझेलवर त्याच्या दिवसाची कमाई अवलंबून का असावी, हे मालकाला कुणी विचारत नाही. माल वेळेवर हवा म्हणून त्याला झोप नाकारणाऱ्या व्यापाऱ्याला विचारत नाही. आणि त्याच घाटात रेल्वेला दीडशे वर्षांपूर्वी जे सुचलं, ते रस्त्याला अजून पुरतं का सुचलं नाही, हे आपण सरकारला विचारत नाही.

प्रत्येक लांब उताराच्या माथ्यावर अवजड गाडीला सक्तीने थांबवा. ब्रेक तपासा, गिअर तपासा, ड्रायव्हरला चहा पाजा. खाली ब्रेक सुटलेल्या गाडीसाठी चढावर जाणारा, वाळूने भरलेला फाटा ठेवा. यात दहा मिनिटं जातील. ट्रक दहा मिनिटं उशिरा पोहोचला म्हणून कुठल्या घरची चूल विझत नाही. तो पोहोचलाच नाही, तर मात्र विझते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)