बायसेप्स तुटला : ऑपरेशन की आराम?

मी फिजिओथेरपिस्ट. चाकण, भोसरीची पोरं एकच विचारतात, "मॅडम, ऑपरेशन टळेल का?" आधी बघायचं, बायसेप्सची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटली कुठे.

खांद्याजवळ तुटली तर दंडावर गोळा येतो, ताकद फारशी जात नाही. बहुतेकांचं व्यायामावर भागतं. (गोळा राहतो. जिमवाल्यांना तोच जास्त खुपतो!)

कोपराजवळची गोष्ट वेगळी. निसटता जड पार्ट धरायला गेलात, 'कट्' झालं, कोपरापुढे काळंनिळं पडलं, तर बाम चोळत बसू नका. ऑपरेशनशिवायही हात वाकतो, पण तळहात वर फिरवायची ताकद साधारण 40 टक्के घटते. उजव्या हाताने स्क्रू आवळणं म्हणजे तेच की! बैठं काम, वय जास्त, तर चालून जातं. लाइनवरच्या तरुणाला मी सर्जनकडेच पाठवते, तेही दोन-तीन आठवड्यांत. पुढे कंडरा आखडते, ऑपरेशन अवघड होतं. नंतर काही महिने जड उचलणं बंद.

"मग पगार?" ईएसआयसीत नाव असेल तर कामावरच्या इजेला पगाराच्या 90 टक्के भत्ता मिळतो, कंत्राटी कामगारालाही. अपघाताची नोंद मात्र त्याच दिवशी करून घ्या.